पेटीचा नाद : महाराष्ट्रांतील एका हौशी वाद्याची हकीकत

मराठ्यांच्या दप्तरांत वाद्यांचा उल्लेख नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. नौबत, चौघडा, शिंग, कर्णे हीं तर राजचिन्हेंच. आणि गवई, बीनकार, पखवाजी, कळावंतिणी यांच्या नेमणुका व बक्षिसें ज्या कागदांत नोंदलेलीं आहेत ते कागद आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांखालून गेलेले असतील. परंतु हे सर्व पगारी लोक. ज्यानें आपल्या घरीं, दिवे लागल्यावर, केवळ स्वतःच्या समाधानाकरितां वाद्य हातीं घेतलें, त्यास सरकारांतून एक पैही मिळाली नाहीं. आणि पै मिळाली नाहीं म्हणून तो दप्तरांतही शिरला नाहीं. कारकुनाची लेखणी खर्चाच्या मागून चालते. हौशी वादकाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पहिली अडचण येते ती ही.

'हौस' हा शब्द आपण अरबीवरून, फारसीच्या द्वारें घेतला. मूळच्या 'हवस' शब्दांत वासनेचा व लालसेचा वास आहे. मराठींत येतांना तो निवळला, व आपल्याकडे हौस ही भल्या माणसाची गोष्ट झाली. उलट 'नाद' हा अस्सल संस्कृत शब्द. शास्त्रकारांनीं त्यास ब्रह्मपदास नेलें. परंतु मराठी बोलींत मुलास पेटीचा नाद लागला असें म्हटलें, कीं बापाच्या कपाळास आंठी पडलीच. ज्या वाद्याचा येथें विचार करावयाचा आहे, त्याच्या वांट्यास हे दोन्ही शब्द आले आहेत.

पेटीपूर्वीं घरोघरीं काय होतें, हा पहिला प्रश्न. घरोघरीं असें कांहींच नव्हतें, हें त्याचें खरें उत्तर. टाळ, वीणा व मृदंग देवळांत आणि कीर्तनांत. तुणतुणें व डफ शाहिराच्या फडांत. सनई गुरवाकडे किंवा वाजंत्र्याकडे. श्रीमंताच्या माडीवर सतार असे. छंद म्हणून वाजविण्याचें वाद्य असें जर कोणास म्हणावयाचें तर तें सतारीसच. राजेरजवाड्यांचे छंद अर्थात् मोठे. तंजावरचे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८–१८३२) यांनीं इंग्रजी वाद्यांचा ताफाच पदरीं बाळगला होता, व त्यांच्या दरबारीं वराहप्पय्या यांच्यासारख्या मुत्सद्द्यानें यूरोपियन वाद्यांचा अभ्यास केला होता. परंतु तें उदाहरण अपवादात्मक, आणि कावेरीकांठचें.

सतारीचें एक मोठें ठिकाण मात्र कृष्णाकांठीं मिरजेस झालें, व त्याची कथा इतिहासाच्या अभ्यासकास विशेष गोड वाटावी अशी आहे. तेथील सतारमेकर घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तलवारींस पाणी देणें, धार लावणें हा त्यांचा पिढीजाद धंदा. इंग्रजी अंमलांत शस्त्रांचें काम बसलें, आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आदिकरून कारागिरांनीं तोच हात तुणीच्या लाकडाकडे व भोपळ्याकडे वळविला. हे भोपळे पंढरपुराकडील भीमाकांठच्या मुलखांतून येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्यानांतली तलवार गेली व तिच्या जागीं गवसणींतली सतार आली, हें स्थित्यंतर कोणत्याही तहनाम्यांत लिहिलेलें नाहीं.

पण सतार अवघड. तारा लावण्यासच वर्ष जातें, बोटें कापतात, आणि शिकविणारा मिळाला तरी तो हातचें राखून शिकवितो. अशा स्थितींत एक तयार सुरांची पेटी समुद्रापलीकडून आली.

पॅरिस येथील आलेक्सांद्र देबें यानें 'हार्मोनियम' या नांवानें आपल्या वाद्याची सनद इ. स. १८४२ मध्यें घेतली. पितळेची जीभ एका टोंकास जखडून ठेवावयाची, दुसरें टोंक मोकळें; भात्याची हवा तिच्यावरून गेली कीं ती थरथरते व सूर निघतो. हें तत्त्व चीनच्या 'शेंग' नामक वाद्यांत फार प्राचीन आहे. देबेंचें वाद्य मेजाएवढें, खुर्चीवर बसून, पायांनीं भाता दाबून, दोन्ही हातांनीं वाजविण्याचें. तें मिशनऱ्यांबरोबर व गोऱ्या कुटुंबांबरोबर इकडे आलें. कलकत्त्यास सौरींद्रमोहन टागोर यांनीं १८७४ सालींच हार्मोनियमवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. पुढें तेथेंच द्वारकानाथ घोष यांच्या, १८७५ सालीं स्थापन झालेल्या, 'द्वारकिन' पेढीनें १८८४ च्या सुमारास त्यास आजचें हातपेटीचें रूप दिलें. भाता मागल्या बाजूस आला, पाय सुटले, वाद्य जमिनीवर बैठकीस बसलें. डावा हात भात्यावर गेल्यामुळें दोन हातांनीं सूर जुळविण्याची यूरोपियन पद्धत आपोआप गळाली, व उजव्या हातास एकट्यास चाल वाजविण्याचें काम उरलें; तेंच आपल्या संगीतास हवें होतें. परदेशी वस्तूचें देशीकरण इतक्या थोड्या फेरफारानें झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाहीं.

महाराष्ट्राची जमीनही त्याच वेळीं तयार झाली होती. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज निघाला, बडोद्यास १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हाताखालीं गायनशाळा चालू झाली, आणि या दोहोंच्या मध्यें, ३१ आक्टोबर १८८० रोजीं, अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आलें. नाटकांतील पदें लोक घरीं नेऊं लागले. तीं म्हणावयास आधार पाहिजे. सारंगी घरांत आणणें त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबास शक्य नव्हतें. ती कोठीवरची म्हणून तिची अपकीर्ति. पेटीस मात्र पूर्वचरित्रच नव्हतें! ती कोणाच्याही दिवाणखान्यांत निर्धास्त बसली, व पुढें स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतही गेली. घरंदाज स्त्रियांनीं गाणें शिकावें कीं नाहीं हा वाद वर्तमानपत्रांत चालला असतांना पेटीनें तो घरांत निम्मा मिटवून टाकला होता, असें आमचें मत आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचें गांधर्व महाविद्यालय लाहोरास १९०१ सालीं व मुंबईस १९०८ सालीं सुरू झालें, तेव्हां त्यांच्या वर्गांत येणारांपैकीं पुष्कळांची बोटें आधींच पट्ट्यांवर फिरलेलीं असलीं पाहिजेत.

या वाद्यास विद्वत्तेचा मान मिळवून दिला तो कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. साथीच्या पेटीस त्यांनीं एकटीनें बोलावयास शिकविलें.

संग्राहकांकरितां एक सूचना येथेंच केलेली बरी. नाटकमंडळ्यांचें 'ऑर्गन' व जुनी पायपेटी हीं दोन वाद्यें याद्यांतून सरसहा एक समजलीं जातात, तें चूक आहे. पायपेटींत भात्यांतील हवा सुरांवरून बाहेर लोटली जाते. अमेरिकन ऑर्गनांत ती बाहेरून आंत ओढली जाते, व म्हणून त्याचा आवाज अधिक मऊ निघतो. पाठीमागची फळी काढून पाहिल्यास हा भेद समजतो. गंधर्व नाटक मंडळीच्या काळचें म्हणून जें वाद्य दाखविण्यांत येतें तें यांपैकीं कोणतें, हें विचारल्यावांचून नोंद करूं नये.

आतां पेटीवरील मुख्य आरोप. ती बेसूर आहे, असें तिचे शत्रू म्हणतात. आणि तें खोटें नाहीं. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्याच्या न्यायानें शुद्ध गंधार ३०० वर यावयास पाहिजे. पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळें तिचा गंधार सुमारें ३०२.४ वर बोलतो. पंचम ३६० ऐवजीं ३५९.६ वर येतो; तो कानास खटकत नाहीं. गंधार मात्र खटकतो, व ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यास तो चढा लागतो. शिवाय मींड नाहीं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पेटींत तर पायरी सोडून जिनाच नाहीं. सतारीचे पडदे सरकवितां येतात. पेटीचा सूर कारखानदारानें एकदां कानशीनें घासला तो घासला.

हा दोष काढून टाकण्याचा सर्वांत निष्ठेचा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला, व त्याची आठवण आतां बुजत चालली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेन्शनर डेप्युटी कलेक्टर. संगीत हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हे. म्हणजे आमच्या विषयाच्या व्याख्येप्रमाणें ते हौशीच. अब्दुल करीम खां यांच्यासारख्या गवयास समोर बसवून त्यांनीं सुरांचीं आंदोलनें मोजलीं, प्राचीनांच्या बावीस श्रुतींशीं त्यांचा मेळ घातला, व १९१० सालीं आपला इंग्रजी ग्रंथ पुण्यास छापला. त्यांस सहकारी मिळाले ते ई. क्लेमेंट्स, मुंबई इलाख्यांतील सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी. या दोघांच्या गणिताप्रमाणें लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्यानें बावीस श्रुतींची पेटी बांधली. क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९१३ चा. मार्च १९१६ मध्यें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथें ही पेटी पंडितांपुढें व उस्तादांपुढें ठेवण्यांत आली. पंडित भातखंडे त्या परिषदेचे प्रमुख सूत्रधार. पेटीस परिषदेची मान्यता मिळाली नाहीं.

देवलांचें गणित चुकलें म्हणून असें झालें, असें कित्येक मानतात. आमच्या मतें कारण निराळें आहे. श्रुतींची पेटी एकाच षड्जाशीं बांधलेली असते. गाणाराचा षड्ज हलला कीं सारें गणित उलटेंपालटें होतें. बारा पट्ट्यांची साधी पेटी सर्वत्र थोडी थोडी चुकीची असते खरी, पण ती कोणत्याही पट्टींत सारखीच चुकीची असते. बापाची पट्टी निराळी, मुलीची निराळी, आणि घरांत पेटी एक. उस्तादांस नवी पेटी नको होती, कारण त्यांस श्रुति गळ्यांत सांपडत होती. हौशी माणसास ती नको होती, कारण एका सप्तकांत बावीस सूर सांभाळण्याचें त्यास कारण नव्हतें. ज्याच्यासाठीं सुधारणा करावयाची त्यासच ती नको, अशी देवलांच्या श्रमांची गत झाली. यांत त्यांचा उपहास करण्यासारखें कांहीं नाहीं; त्यांच्यापूर्वीं आपल्याकडे इतका काटेकोर कान आंकड्यांत उतरविण्याची खटपट फारच थोड्यांनीं केली.

पुढें सरकारच पेटीच्या विरुद्ध उभें राहिलें. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं तिच्यावर टीकालेख लिहिला. जानेवारी १९४० मध्यें रवींद्रनाथांनींही कलकत्ता केंद्रास पत्र लिहून तिची हकालपट्टी मागितली. आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या सर्व केंद्रांवर तिला बंदी झाली. ही बंदी उठण्यास १९७१ साल उजाडावें लागलें, व तेव्हांही ती अंशतःच उठली. मौज अशी कीं, ज्या तीस वर्षांत पेटी नभोवाणीवर अस्पृश्य होती, त्याच तीस वर्षांत ती भजनांत, शाळेंत आणि घरांत पूर्ववत् वाजत होती.

तिच्या विजयाचा एक पुरावा भाषेंत आहे. महाराष्ट्रांत गवयास त्याची पट्टी विचारावी, तर तो 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' असें उत्तर देतो. काळी एक म्हणजे सप्तकांतील पहिली काळी पट्टी. काळी पांच, पांढरी दोन याच न्यायानें. ज्यांनीं पेटीस जन्मभर शिव्या दिल्या त्यांनींही आपल्या गळ्याचें माप पेटीवरच सांगितलें. शब्द शस्त्रापेक्षां खोल रुततो.

जपानांतून आलेलें बुलबुलतरंग हें पेटीचें धाकटें भावंड. १९१२ सालीं नागोया येथें गोरो मोरिता यानें काढलेलें, टंकयंत्रासारख्या कळांचें. त्याची हौस अल्पायुषी ठरली, म्हणून त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

राहतां राहिलीं साधनें. हौशी वादकाचे कागद म्हणजे त्याच्या वह्या. अशा वह्या आम्हीं पाहिल्या आहेत : नाटकांतलीं पदें शाईनें लिहिलेलीं, व प्रत्येक अक्षराखालीं पेन्सिलीनें पट्ट्यांचे आंकडे, मध्येंच किराणा मालाची यादी, लेकीच्या पत्राचा मसुदा, कोणा गवयाच्या बैठकीची तारीख. संग्राहक असल्या वह्या घेत नाहींत, कारण त्यांत बखर नाहीं, शकावली नाहीं, मोडींतलें एकही सनदापत्र नाहीं. एका घरीं जुनी पेटी विकत घेण्यास आम्ही गेलों होतों. तिच्या पोटांत सुरांची पितळी पाटी होती, तीवर फ्रेंच कारखान्याचा ठसा स्वच्छ होता. पेटीबरोबरच्या वह्या विचारल्या, तेव्हां त्या मागल्याच दिवाळींत रद्दींत दिल्याचें कळलें. पेटी दुरुस्तीस दिली. कारागिरानें काम चांगलें केलें, परंतु जुने सूर काढून पालिताण्याचे नवे बसविले, व जुने मोडींत घातले. आतां त्या पेटीचा आवाज उत्तम आहे. तिचा मूळचा षड्ज कितीवर होता, तो मालकाच्या गळ्यासाठीं घासून उतरविलेला होता कीं कारखान्यांतून आला तसाच होता, हें सांगणारें आतां कांहीं उरलें नाहीं.

यासाठीं ज्यांच्याकडे अशा पेट्या असतील त्यांनीं दुरुस्तीपूर्वीं चार गोष्टी टिपून ठेवाव्या अशी विनंति आहे : सुरांच्या पाटीवरील ठसा, फळीच्या आंतल्या बाजूस कारागिरानें लिहिलेली तारीख वा नांव, प्रत्येक पट्टीचीं आंदोलनें, आणि पट्ट्यांची झीज. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु कोणत्या पट्ट्या अधिक झिजल्या आहेत त्यावरून त्या घरांत कोणती पट्टी गाइली जात होती तें कळतें. आमच्याजवळच्या पेटीवर पांढरी चार व तिच्या पुढची काळी तीन या दोहोंवर बोटांच्या खळग्या पडल्या आहेत. ती पेटी एखादी बाई वाजवीत असावी, असा आमचा तर्क आहे.