संडूर आणि एक सदरलेखक

घोरपडे हें नांव उच्चारतांच आमच्या वाचकांना संताजी आठवतील, गुत्तीचे मुरारराव आठवतील. आणि तें योग्यच आहे. परंतु याच घराण्यानें कर्नाटकांत राखलेल्या संडूर नांवाच्या चिमुकल्या संस्थानाचें आणखी एक ऋण आहे, तें आमच्या इतिहासलेखकांनीं नोंदलेलें आम्हांस कोठें आढळलें नाहीं. १९४२ सालीं एम्. कृष्णन् नांवाचे मद्रासचे एक तरुण पदवीधर तेथें नोकरीस आले. तामिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे हे धाकटे चिरंजीव. जन्म १९१२ चा. वनस्पतिशास्त्राचें अध्ययन झालेलें, कायद्याची पदवीहि घेतलेली. पण स्थिर उपजीविका दोहोंनींहि दिली नव्हती. संडुरांत त्यांनीं शाळेंत शिकविलें, न्यायदान केलें, प्रसिद्धीचें काम पाहिलें, महाराजांचे राजकीय सचिव म्हणूनहि काम केलें. शिवाय मेंढ्या चारल्या आणि कबुतरें पाळलीं! मोठ्या राज्यानें अशा माणसास एकाच मेजाशीं जखडून टाकलें असतें. लहान संस्थानांची थट्टा करण्याची आम्हां सुशिक्षितांस संवय आहे, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

संस्थान विलीन झालें, कृष्णन् मद्रासेस परतले, आणि १९५० पासून कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रांत त्यांचें निसर्गविषयक पाक्षिक सदर सुरू झालें. तें ४६ वर्षें चाललें. हत्तीच्या कळपाइतक्याच आस्थेनें ते खारीविषयीं व गांवठी कुत्र्यांविषयीं लिहीत. चित्रें स्वतः काढीत, छायाचित्रें काळींपांढरींच घेत. पगारी नोकरी पुन्हां धरली नाहीं. पद्मश्री मिळाली, सरकारच्या वन्यजीव मंडळावर त्यांचा सल्ला घेतला जाई. तथापि मानधनावर जगणाऱ्या लेखकाचा संसार मानपत्रांनीं चालत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको.

ज्या भूमीचीं झाडें त्याच भूमींत लावावीं, परदेशी शोभेच्या वृक्षांनीं रानें भरूं नयेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या न्यायानें आमच्या कॉलेजच्या आवारांतील गुलमोहरहि मादागास्करचा उपराच ठरतो. वैशाखांत तो पेटला म्हणजे आमचें मन मात्र कृष्णन् यांच्या पक्षास जात नाहीं. रानापुरतें मात्र त्यांचेंच म्हणणें आम्हांस मान्य आहे.

वर्तमानपत्री लेखन सायंकाळीं रद्दींत जातें, म्हणून आम्ही इतिहासाचे अध्यापक त्यास साधनांत धरीत नाहीं. ही आमची चूक आहे. संडूरच्या डोंगरांतून पुढें लोहखनिज इतकें काढलें गेलें कीं, २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयास बळ्ळारी जिल्ह्यांतील खाणी थांबवाव्या लागल्या. डोंगर उकरल्यावर तेथें पूर्वीं काय होतें हें कोणत्या दप्तरांत शोधावयाचें? महसुलाच्या कागदांत जमिनीचा आकार सांपडतो, तींतील पांखरें सांपडत नाहींत. तीं पाहून, तारीखवार लिहून ठेवणारा माणूस लागतो.

कृष्णन् १८ फेब्रुवारी १९९६ रोजीं वारले. त्यांच्या सदराचा शेवटचा लेख त्याच दिवशीं छापून आला होता.