व्हायोलिनचा टेलपीस आवाज कसा बदलतो? मोबाईलवर स्वतः मोजून बघा

मागच्या वर्षी माझ्या व्हायोलिनचा आवाज दबल्यासारखा वाटायला लागला. वरच्या सुरांची चमक गेली होती. नवीन व्हायोलिन घ्यावं म्हणून दुकानात किमतीही विचारून आलो. त्याआधी एकदा वाद्य दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे चार स्क्रू कधी बसवले?"

दोन महिन्यांपूर्वी, मीच! ट्यूनिंग सोपं व्हावं म्हणून चारही तारांना धातूचे फाइन ट्यूनर लावले होते. कोड बिघडला की आधी शेवटचा बदल तपासायचा, हे मी ऑफिसात रोज करतो. इथे मात्र विसरलो.

टेलपीस म्हणजे काय?

व्हायोलिनच्या तारा एका टोकाला खुंट्यांवर गुंडाळलेल्या असतात. दुसरं टोक ज्या लांबट, बहुधा काळ्या तुकड्यात अडकवतात, तो टेलपीस. तो वाद्याला चिकटवलेला नसतो. टेलगट नावाच्या मजबूत दोरीने तो खालच्या बटणाला बांधलेला असतो. म्हणजे एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला दोरी आणि मध्ये लटकलेला टेलपीस.

त्याचा आवाजाशी काय संबंध?

गज फिरवला की तार थरथरते, ती घोडीला म्हणजे ब्रिजला हलवते आणि घोडी व्हायोलिनच्या पोटाला हलवते. मोठा आवाज पोटातून येतो. पण घोडीच्या मागेही त्याच तारांचा छोटा भाग असतो. घोडी हलली की तो भाग आणि टेलपीसही हलतात. टेलपीस म्हणजे स्प्रिंगांना टांगलेलं वजन समजा. ते डोलतं, पिळतं आणि घोडीकडून थोडी ऊर्जा घेतं. किती घेतं आणि कोणत्या सुरांना, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं.

1. वजन: टेलपीस आबनूस, शिसम, प्लास्टिक, धातू किंवा कार्बन फायबरचा असतो. जड टेलपीसची डोलण्याची फ्रिक्वेन्सी कमी होते आणि घोडीची हालचाल जास्त अडू शकते. लाकडी टेलपीसवर धातूचे चार ट्यूनर म्हणजे नेमकं हेच. ज्यात ट्यूनर आतच घडवलेले असतात, असे हलके टेलपीसही मिळतात.

2. मागच्या तारेची लांबी: पूर्ण आकाराच्या व्हायोलिनमध्ये वाजणारी तार सुमारे 328 मिलिमीटर असते. मागचा भाग तिच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे 55 मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. लांबी सहावा हिस्सा, म्हणून फ्रिक्वेन्सी सहापट: मूळ सुराच्या दोन सप्तकं वरचा पंचम. हे गुणोत्तर असल्यामुळे आपल्याकडे तारा सा आणि प मध्ये लावल्या तरी मागे तोच हिशेब चालतो. वरून बसवलेला ट्यूनर मात्र हा भाग आखूड करतो.

3. टेलगट: पूर्वी आतड्याची दोरी असायची, आता नायलॉन, केवलार किंवा स्टीलची असते. तिची लांबी बदलली की टेलपीस पुढेमागे सरकतो आणि मागच्या तारेची लांबीही बदलते.

चेलोमध्ये तर एखाद्या सुरावर आवाज घुरघुरतो, त्याला वुल्फ टोन म्हणतात. तो शांत करायला याच मागच्या तारेवर छोटं वजन बसवतात. म्हणजे हा भाग फक्त तारा धरून ठेवण्यापुरता नाही.

मोबाईलवर कसं मोजायचं?

कोणतंही मोफत स्पेक्ट्रम अॅनालायझर अॅप घ्या. घोडी आणि टेलपीस यांच्यामधली तार बोटाने छेडा आणि स्क्रीनवरचं सर्वांत उंच टोक वाचा. बाकीच्या तीन तारांच्या मागच्या भागांवर हलकं बोट ठेवा. पाश्चात्त्य ट्यूनिंगमध्ये अपेक्षित आकडे असे:

- जी तार (196 हर्ट्झ): 1176
- डी तार (294 हर्ट्झ): 1762
- ए तार (440 हर्ट्झ): 2640
- ई तार (659 हर्ट्झ): 3956

तारेच्या टोकाला दोऱ्याचं वेष्टण असतं, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. माझ्या ए तारेवर मात्र 3200 च्या आसपास येत होता, म्हणजे बराच वर.

आवाजाची तुलना करायची असेल तर सावध राहा. फोनचा रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करू शकतो. ती सेटिंग बंद करता येत असेल तर करा, फोन त्याच जागी ठेवा आणि तीच ओळ वाजवा. मग फाइलींची नावं मित्राला बदलायला सांगा आणि न बघता ओळखा. नाहीतर आपण केलेला बदल आपल्याला चांगलाच वाटतो!

माझं पुढे काय झालं?

काकांनी ई तारेचा ट्यूनर ठेवला, बाकीचे तीन काढले आणि टेलगट थोडी आवळली. ए तारेचा आकडा 2700 च्या जवळ आला. न बघता ऐकलेल्या दहा रेकॉर्डिंगपैकी आठ मी बरोबर ओळखली. आईला मात्र दोन्ही सारखंच वाटलं. फरक वजनामुळे की लांबीमुळे, हे मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकदमच बदललं. पण वाजवताना स्वर मोकळा होतो, आणि नव्या व्हायोलिनचे पैसे वाचले.

करण्याआधी लक्षात ठेवा

- सगळ्या तारा एकदम सैल करू नका. घोडी पडते, आतला साउंडपोस्टही पडू शकतो. टेलपीस बदलायचा तर कारागिराकडेच जा.
- तारा स्टीलच्या असतील तर फाइन ट्यूनर लागतातच. तेव्हा आत ट्यूनर असलेला हलका टेलपीस बघा.
- आधी तारा, घोडी आणि साउंडपोस्ट तपासून घ्या. त्यांचा परिणाम टेलपीसपेक्षा मोठा असतो.
- एका वेळी एकच बदल करा, आणि आधीचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.