चारचौघांतले विणकाम

गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब सिंहगडावर गेलो. तरुण मंडळी अतकरवाडीच्या पायवाटेने गड चढू लागली आणि डबे, पिशव्या व एक झोपलेले मूल यांच्यासह मावशी पायथ्याशी झाडाखाली बसली. ‘तू थांब’ असे तिला कोणी म्हटले नव्हते. ते गृहीतच होते. गुडघ्यांचे निमित्त करून आम्हीही मागे राहिलो. मावशीने लोकरीचा गुंडा आणि सुया बाहेर काढल्या. “मावशी, आज सहलीला तरी राहू दे की ते!” आम्ही म्हणालो. हातातले टाके मोजून झाल्यावर ती उत्तरली, “बसायचंच आहे, तर टोपडं तरी होईल.”

आमच्याकडे स्त्रियांच्या हातकामाचा विचार निघाला की जाते आणि ओवी आठवते. पण जाते घरातून हलत नाही. सुया पिशवीत मावतात, उंबरठा ओलांडतात, मुंबईच्या लोकलच्या महिला डब्यातही प्रवास करतात. म्हणूनच विणणारी स्त्री चारचौघांच्या नजरेस पडते. आणि या नजरेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकात स्त्रिया सरपणाच्या टोपल्या पाठीवर घेऊन चालता चालता विणत. कमरेच्या चामडी पट्ट्यात एका सुईचे टोक रोवलेले असे, त्यामुळे चालतानाही काम अडत नसे. दुरून पाहणाऱ्याला त्यात उद्योगप्रियता दिसावी, हे स्वाभाविक आहे. परंतु 1872 मध्ये सरकारी चौकशीपुढे आलेल्या साक्षींनी वेगळेच वास्तव उघड केले. व्यापारी या विणकामाचा मोबदला बहुधा रोख न देता चहा, कापड अशा मालाच्या रूपाने देत. रस्त्यावरचा तो विरंगुळा नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

फ्रान्समध्ये हीच कृती संशयास्पद ठरली. क्रांतिकाळात पॅरिसच्या सामान्य स्त्रिया राष्ट्रीय सभेच्या प्रेक्षक-सज्जात बसून, विणत विणत, कामकाज ऐकत आणि मोठ्याने आपले मतही देत. ऑक्टोबर 1793 मध्ये स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. मे 1795 मध्ये तर त्यांना घरी जाण्याचाच हुकूम निघाला. पाचांहून अधिक स्त्रिया रस्त्यात एकत्र दिसल्यास त्यांना पांगवावे, असे त्यात होते. पुढे 1859 मध्ये डिकन्सने ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये मादाम दफार्ज उभी केली. ती आपल्या शत्रूंची नावे टाक्यांत गुंफते. वाचकांच्या मनात राहिली ती हीच सूडाची प्रतिमा; सज्जात बसून राज्यकारभार ऐकू पाहणारी स्त्री मात्र विस्मरणात गेली.

पहिल्या महायुद्धात नजर पुन्हा पालटली. 1914 मध्ये राणी मेरीने सैनिकांसाठी लोकरी मोज्यांचे आवाहन केले आणि ब्रिटनमध्ये आगगाडीत, नाटकगृहात, जिथे तिथे सुया चालू लागल्या. आता न विणणारी स्त्रीच डोळ्यांवर येऊ लागली.

सद्गुण, संशय, देशभक्ती: विणणारे हात तेच, अर्थ मात्र पाहणाऱ्याने लावलेले. या अर्थांच्या गर्दीत एक साधा प्रश्न हरवतो. ती तिथे बसली का आहे? बहुतेक वेळा ती कोणाची तरी वाट पाहत असते. शाळा सुटण्याची, दवाखान्यातल्या नंबराची, गडावरून उतरणाऱ्यांची. इतरांच्या सोयीसाठी थांबण्याचे काम तिच्या वाट्याला आलेले असते आणि त्याला काम म्हणण्याचीही पद्धत नाही. विणकामाने तिचे थांबणे संपत नाही. पण गेलेला वेळ निदान हाताला लागतो, बोटांनी मोजता येतो. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात स्त्रियांच्या श्रमांवर व्याख्याने दिली आणि मावशीला मात्र सुया बाजूला ठेवायला सांगितले, याची खंत वाटते.

दुपारी मंडळी गड उतरून आली. वरच्या पिठले-भाकरीची आणि दह्याची वर्णने झाली. मग कोणीतरी विचारले, “मावशी, कंटाळा नाही ना आला?”

मावशीने टोपडे उलटून पाहिले. “दोन बोटं उरलंय,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी मीही चढेन. पिशव्यांपाशी कोण बसतंय, ते आधी ठरवा.”