पलटणीचा आकडा

सौंसरच्या एका जुन्या घरात चिनी मातीची एक जड थाळी आहे. पाठीवर मुकुट छापलेला, म्हणून घरची मंडळी तिला भोसल्यांच्या वाड्यातली समजत. मी भिंग लावून पाहिले. तो मुकुट 'मेसन्स पेटंट आयर्नस्टोन चायना' या इंग्रज कारखान्याच्या शिक्क्यातला निघाला. दर्शनी काठावर पलटणीचे चिन्ह होते; त्यातला आकडा मात्र घासून गेलेला.

ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली चीनहून घाऊक भांडी आणणे थांबवले. ती उणीव भरून काढायला स्टॅफर्डशायरमध्ये चार्ल्स जेम्स मेसनने १८१३ साली या भांड्यांचे पेटंट घेतले. नक्षी चिनी धाटणीची, अंग दणकट, किंमत बेताची. बोन चायनात हाडांची राख असते, म्हणून आम्हा जैनांच्या घरी ते वर्ज्य. यात ती नसते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेससाठी पलटणी आपला आकडा व चिन्ह घालून अशी भांडी विलायतेहून मागवीत.

पलटणी आपल्या भागात आल्या त्या १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. आपल्या रामाकोन्यावरून वाहणारी कन्हानच पुढे त्या छावणीजवळून जाते.

आकड्याचे मोल सीताबर्डीच्याच एका गोष्टीवरून कळते. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर मद्रासच्या पहिल्या पलटणीचा आकडा काढून तिला चोविसावी केले होते. सीताबर्डीला ती इंग्रजांच्या बाजूने लढली. बक्षीस म्हणून शिपायांनी आपला जुना आकडा परत मागितला, आणि तो मिळाला. पण असा आकडा ज्या थाळीवर छापला जाई, तिच्यात त्या शिपायाला जेवण मिळत नसे. तो आपल्या पितळी भांड्यात वेगळे रांधून खाई.

आणि भोसल्यांचे काय झाले? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. पांढुर्णा-सौंसरही इंग्रजांकडे गेले. वाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले.

घरचे काका जरा हिरमुसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, म्हणजे इतकी वर्षे आम्ही परक्याचंच भांडं मिरवलं?"

मी म्हणालो, "काका, ती ठेवा. फक्त सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणी केली, कशासाठी केली, आणि आपल्या घरी कोणी आणली हे माहीत नाही."

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याचा इतिहास लिहायचा, तर प्रत्येकाने आपापल्या माळ्यावरची भांडी एकदा उलटून पाहावीत, एवढीच विनंती.