नवी कोरी सरळ ओढीची रायफल लगेच विक्रीला का निघते?

तंजावर (तामिळनाडू) : तंजावर जिल्ह्यातील एखाद्या परवानाधारकाला आपली रायफल दुसऱ्या परवानाधारकास विकावयाची असेल, तर आपला इरादा त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमातील ही अट साऱ्या देशाला लागू आहे. युरोपातही बंदुकीसाठी परवाना लागतोच. पण तेथील जुन्या शस्त्रांचा बाजार मोठा, उघड आणि चपळ आहे. त्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. नव्याने बाजारात आलेली, जेमतेम दोन-तीन पेट्या काडतुसे झाडलेली ‘स्ट्रेट-पुल’, म्हणजे सरळ ओढीची, शिकारी रायफल पहिल्या मालकाकडून वर्षाच्या आतच विक्रीस निघते. रायफल सदोष असावी, असा तर्क साहजिकच केला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

कारण समजण्यासाठी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागेल. नेहमीच्या बोल्ट रायफलमध्ये एक गोळी झाडल्यावर दुसरी भरण्यासाठी हाताला चार हालचाली कराव्या लागतात. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि पुन्हा खाली दाबायची. सरळ ओढीच्या रायफलमध्ये उचलणे आणि दाबणे नाही. मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत बसते आणि बोल्ट कुलूपबंद होतो. कुलूप लावण्याचे काम हाताऐवजी बोल्टमधील आतली रचना करते. ही रचना प्रत्येक कारखान्याची निराळी असते. जर्मनीच्या ब्लेझर कंपनीच्या १९९३ मधील आर-९३ या रायफलमध्ये बोल्टच्या टोकाशी असलेले धातूचे कडे फाकून नळीच्या खाचेत घट्ट बसते. मर्केलच्या २०१० मधील हेलिक्समध्ये बोल्टचे टोक स्वतःभोवती फिरते. अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या इम्पल्समध्ये पोलादी गोळ्या बाहेर सरकून कुलूप लावतात. त्याच वर्षी इटलीच्या बेरेट्टाने बीआरएक्स-१ आणली. तिच्यातून पुंगळी उजवीकडे पडावी की डावीकडे, हे मालकाला कोणत्याही अवजाराशिवाय बदलता येते.

कल्पना मात्र नवी नाही. ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड मॅनलिखर यांची सरळ ओढीची लष्करी रायफल १८८६ मध्ये आली, स्वित्झर्लंडची श्मिट-रुबिन १८८९ मध्ये. लष्करांनी पुढे हा प्रकार सोडला आणि अर्धस्वयंचलित रायफली स्वीकारल्या. शिकाऱ्यांनी मात्र तो पुन्हा उचलला, कारण मध्य युरोपात रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार आजही चालते. हाकारे जनावरे उठवतात, कळप शिकाऱ्यासमोरून काही क्षणांत निघून जातो आणि तेवढ्यात दुसरी, तिसरी गोळी झाडता आली पाहिजे. या कामाला सरळ ओढीची रायफल उत्तम. खरेदीदारांपुढे तिची जाहिरातही याच वेगाच्या बळावर होते.

येथेच पहिला पेच आहे. जाहिरात हाकाऱ्याची, पण खरेदी करणाऱ्यांपैकी अनेक जण मचाणावर बसून किंवा दबकत जाऊन शिकार करणारे असतात, अथवा केवळ चांदमारीच्या मैदानावर कागदी निशाणावर नेम धरणारे. मचाणावरच्या शिकाऱ्याला सहसा एकच गोळी लागते. त्याला वेगापेक्षा शांतता हवी असते आणि सरळ ओढीची रायफल शांतपणे बंद करणे कठीण जाते. नेहमीचा बोल्ट हलक्या हाताने पुढे सरकवून सावकाश दाबता येतो. सरळ ओढीचा बोल्ट ठामपणे पुढे मारावा लागतो, नाहीतर कुलूप पुरते लागत नाही आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही. ठामपणे मारला तर होणारा खटका हरणाच्या कानावर जातो.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची आहे आणि ती सर्वांत दुर्लक्षित. वीस वर्षे मूठ वर उचलण्याची सवय असलेला हात ऐन वेळी वरच जातो. मैदानावर सावकाश सराव करताना हे जाणवत नाही. जनावर समोर आल्यावर जाणवते. ब्लेझरच्या रायफलींत तर नेहमीची सुरक्षा-कळही नाही. गोळी झाडण्यापूर्वी अंगठ्याने एक जड सरकपट्टी पुढे लोटून स्प्रिंग ताणावी लागते आणि झाडायची नसेल तर पुन्हा सोडवावी लागते. व्यवस्था अधिक सुरक्षित आहे, यात शंका नाही. मात्र ती अंगवळणी पडण्यास दोन-तीन हंगाम लागतात, आणि विक्रीचा निर्णय त्याआधीच झालेला असतो.

तिसरी गोष्ट शुद्ध यांत्रिक आहे. गोळी झाडताना काडतुसाची पितळी पुंगळी फुगून नळीच्या तळाशी चिकटते. नेहमीच्या बोल्टची मूठ वर उचलताना ती तरफेसारखी काम करते आणि पुंगळी प्रथम किंचित सैल होते. मग ती ओढली जाते. सरळ ओढीत ही तरफ नसते किंवा फार तोकडी असते. काडतूस स्वच्छ आणि नेमक्या मापाचे असेल तोवर फरक पडत नाही. घरी पुन्हा भरलेली, जरा जास्त दारूची काडतुसे वापरणाऱ्यांना मात्र मूठ दोन्ही हातांनी ओढावी लागल्याचा अनुभव येतो.

याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत महाग उदाहरण कॅनडाचे आहे. सर चार्ल्स रॉस यांनी काढलेली सरळ ओढीची रॉस रायफल पहिल्या महायुद्धाच्या आरंभी कॅनडाच्या सैन्याचे अधिकृत शस्त्र होती. नेमबाजीच्या स्पर्धांत तिचा लौकिक मोठा होता. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत, चिखलात आणि घाईघाईच्या गोळीबारात, तिचे बोल्ट अडकू लागले. मूठ मागे आणण्यासाठी सैनिक तिच्यावर बुटाच्या लाथा मारीत. लढाईतून वाचलेल्या सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिकांपैकी १,४०० हून अधिक जणांनी आपली रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या होत्या. याच लढाईत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही उतरली होती, आणि तिच्या हाती वर उचलायच्या मुठीच्या एन्फील्ड होत्या. पुढच्या सुमारे दीड वर्षात रॉस आघाडीवरून काढून घेण्यात आली. तरीही लांबून एकेक गोळी नेमाने झाडणाऱ्या निवडक नेमबाजांनी ती आपल्याकडेच ठेवली, कारण एवढी अचूक रायफल त्यांना दुसरी मिळत नव्हती. शस्त्र एकच, पायदळाने टाकले आणि नेमबाजांनी जपले.

आजच्या शिकारी रायफलींत रॉसचे दोष उरलेले नाहीत. पण वापर आणि शस्त्र यांचा मेळ न बसणे, हे कारण शंभर वर्षांनंतरही तेच आहे. उलट बाजूनेही याची खूण पटते. बर्फावरून घसरत जाऊन नेमबाजी करण्याच्या बायथलॉन या खेळात अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही आणि प्रत्येक सेकंद मोजला जातो. तेथे १९८० च्या दशकापासून सरळ ओढीच्या रायफलींनी जवळजवळ सारे मैदान व्यापले आहे. याउलट ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात, ज्यात कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, एका वेळी एकच काडतूस भरावे लागते. तेथे या वेगाला काही मोल नाही.

पैशाचा हिशेबही मोठा आहे. सरळ ओढीची बहुतेक नवी मॉडेल्स सुटी रायफल म्हणून न येता एक संच म्हणून येतात. नळी बदलता येते, पण नळी त्याच कंपनीची हवी. दुर्बीण बसवण्याचा कंस त्याच कंपनीचा किंवा तिच्या मापाचा हवा. मॅगझिनही तिचेच, ब्लेझरच्या आर-८ मध्ये तर मॅगझिन आणि चापाची यंत्रणा एकाच सुट्या भागात आहे आणि तो हरवला तर रायफल निकामी. दुकानात लावलेल्या किमतीत यांपैकी फारच थोडे असते. पहिल्या हंगामात मालकाला उमगते की खरा खर्च अजून व्हायचा आहे. त्यातच नवे मॉडेल बाजारात येते तेव्हा सर्व मापांच्या नळ्या, डावखुऱ्यांसाठीचे दस्ते आणि जादा मॅगझिने एकदम येत नाहीत. दोन-तीन वर्षांत कंपनी किरकोळ उणिवा दुरुस्त करते, चाप सुधारते आणि सुधारित आवृत्ती आणते. पहिली आवृत्ती घेणारा एका अर्थाने कारखान्याच्या चाचणीचे पैसे स्वतः भरत असतो. हे ज्याला लवकर कळते तो लवकर विकतो. आणि सर्वांत चांगला सौदा दुसऱ्या मालकाचा होतो, कारण नव्या कोऱ्या रायफलीवरचा कर आणि दुकानदाराचा नफा पहिल्याने सोसलेला असतो.

ब्रिटनमध्ये कायदाही विक्रीला रेटा देतो. तेथील प्रमाणपत्रावर मालकाला कोणत्या मापाच्या किती रायफली बाळगता येतील, हे नोंदलेले असते. नवी हवी तर मंजुरी वाढवून घ्यायची, नाहीतर जुनी काढायची. शिवाय हंगरफर्ड येथील १९८७ च्या हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने मोठ्या मापाच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, म्हणून सरळ ओढीच्या रायफलींची मागणी वाढली. पुढे २०१९ च्या कायद्याने सरळ ओढीच्या शेजारचाच एक प्रकार, ज्यात बोल्ट दाबाने आपोआप मागे जातो आणि कळ दाबून सोडावा लागतो, तोही बंदीखाली आला. उद्या आपल्या प्रकारावर पाळी येईल, या धास्तीनेही काही जण वेळेत विकून मोकळे होतात. येथे एक सावधगिरी हवी. विक्रीच्या जाहिराती मोजून मॉडेलचा गुणदोष ठरवता येत नाही. जे मॉडेल जास्त खपते त्याच्या जाहिराती जास्त असणारच, आणि समाधानी मालक जाहिरात देत नाही.

भारतात ही घाई दिसत नाही. तिचे कारण मालकांचा संयम नाही. शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. नामवंत नेमबाजांना ठरावीक सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे हौस म्हणून नवे मॉडेल घेऊन पाहणे आणि न आवडल्यास विकणे, हा प्रकारच येथे संभवत नाही. शिवाय येथील शिकारी रायफलीचा वापरही संपला आहे. तंजावर जिल्ह्याचेच पाहा. कोडियाकराईचा काळविटांचा प्रदेश तेव्हा याच जिल्ह्यात होता. १९६७ मध्ये तेथे अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. त्याच वर्षी नवा नागपट्टिनम जिल्हा वेगळा निघाला आणि कोडियाकराई त्यात गेले.

तरीही सरळ ओढीचा एक धागा भारतीय परवानाधारकांच्या कपाटात आजही आहे, बहुतेकांना त्याची कल्पना नसली तरी. आपल्याकडे सर्वपरिचित असलेले .३१५ बोअरचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाचे ८×५० मिलिमीटर मॅनलिखर आहे, आणि ते सरळ ओढीच्या लष्करी रायफलीसाठीच जन्मले. नागरिकांच्या हाती .३०३ हे लष्करी काडतूस जाऊ नये, या ब्रिटिश धोरणामुळे बंदूक बनवणाऱ्यांनी भारतासाठी हे माप निवडले. ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल मात्र एन्फील्डच्या धाटणीची, मूठ वर उचलायची आहे. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत.

शस्त्र वापराविना आणि विक्रीविना पडून राहिले तर काय होते, याचा दाखला तंजावरच्याच राजवाड्यात आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा करून खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये तो फेटाळला गेला. या काळात नायक आणि मराठा राजांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले शस्त्रागार गंजत होते. १८६३ मध्ये ते मोडण्यात आले. निवडक कट्यारी, तलवारी आणि हत्तींचे अंकुश मद्रासच्या सरकारी संग्रहालयाकडे गेले. बाकीची शस्त्रे मोडीत विकली गेली. या शस्त्रागाराविषयी एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त लिहून ठेवले आहे. त्या संग्रहातील कट्यारी आज चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचल्या आहेत.