स्नायू, शरीरघटना आणि तरुणांचे अस्थिस्वास्थ्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अस्थी म्हणजे शरीराचा निर्जीव सांगाडा, ही समजूत आजही आढळते. वस्तुतः अस्थी ही सजीव ऊती असून पडणाऱ्या भारानुसार ती सतत घडत असते. हा विचार कसा विकसित झाला आणि तरुणांच्या संदर्भात त्याचे महत्त्व काय, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विचाराची वाटचाल :
प्राण्याचा आकार वाढल्यास त्याची हाडे प्रमाणापेक्षा अधिक जाड व्हावी लागतात, असे गॅलिलिओने इ. स. १६३८ मध्ये दाखवून दिले. १८६६ मध्ये झ्युरिक येथे हेर्मान फोन मायर यांनी मांडलेल्या अस्थीच्या अंतर्गत जाळीत अभियंता कार्ल कुलमान यांना यारीवरील ताणरेषांचे साम्य दिसले. १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी भार बदलला की अस्थीची रचनाही बदलते, हा नियम ग्रंथरूपाने मांडला. अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये ‘मेकॅनोस्टॅट’ ही संकल्पना मांडली. अस्थीवरील सर्वांत मोठा ताण केवळ देहाच्या वजनाने नव्हे, तर स्नायूंच्या आकुंचनाने निर्माण होतो, यावर त्यांनी पुढे भर दिला.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर :
बलवान स्नायू व बळकट अस्थी एकत्र आढळल्या तरी आनुवंशिकता, आहार किंवा संप्रेरके हे दोहोंचे समान कारण असू शकते. या आक्षेपाच्या दृष्टीने १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला ८४ व्यावसायिक टेनिसपटूंचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. पुरुष खेळाडूंच्या खेळणाऱ्या हातातील दंडाच्या हाडाचे कठीण कवच दुसऱ्या हातापेक्षा सरासरी ३४.९ टक्के जाड आढळले. व्यक्ती एकच, आहार एकच, रक्तही एकच. फरक केवळ वापराचा होता.

१९८० च्या दशकाअखेर प्रचारात आलेल्या दुहेरी ऊर्जा क्ष-किरण मापनामुळे अस्थी, मेद आणि मेदविरहित ऊती स्वतंत्रपणे मोजणे शक्य झाले. तरुण पुरुषांमध्ये अस्थिघनतेचा संबंध मेदापेक्षा मेदविरहित ऊतींशी अधिक निकट असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले.

समारोप :
अस्थिसंचय साधारणतः वयाच्या तिशीपर्यंत कमाल पातळी गाठतो. त्यातील अखेरची महत्त्वाची वर्षे अनेक तरुण महाविद्यालयात घालवितात. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक स्नायू आणि मेद यांत भेद करीत नाही. म्हणून विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी केवळ वजनकाट्यावर थांबल्यास ती अपुरी ठरते. वेळापत्रकातून सर्वप्रथम वगळला जाणारा मैदानाचा तास हा उतारवयासाठी केलेल्या संचयाचा तास आहे, हे अध्यापकांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.