शिक्क्यावर जहाजाचं नाव नाही

आजचा एपिसोड एका पाकिटाबद्दल आहे. आतल्या पत्राबद्दल नाही हं, बाहेरच्या पाकिटाबद्दल आणि त्यावर मारलेल्या पोस्टाच्या शिक्क्याबद्दल. मला जुनी पाकिटं जमवायचा नाद आहे, त्यातही युद्धनौकांवरून आलेली. घरचे विचारतात, रिकाम्या पाकिटाला कोणी पैसे देतं का? देतं की.

अमेरिकी नौदलात १९०८ पासून जहाजावरच पोस्ट ऑफिसं सुरू झाली. खलाशांपैकीच एकजण पोस्टाचं काम बघायचा. त्याच्याकडे जहाजाच्या नावाचा शिक्का असायचा: गोलात वर जहाजाचं नाव, मध्ये तारीख, आणि बाजूला आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या मधे बऱ्याचदा जहाज कुठल्या बंदरात आहे तेही असायचं. १९३० च्या दशकात लोकांना याचं वेडच लागलं. स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जहाजावर पाठवायचं, पोस्टवाल्या खलाशाला विनंती करायची आणि शिक्का मारून पाकीट परत मिळवायचं. १९३२ मध्ये अशा संग्राहकांची संघटनासुद्धा निघाली, युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी.

त्याच १९३२ साली इंडियानापोलिस ही क्रूझर नौदलात दाखल झाली. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तिच्यातून दक्षिण अमेरिकेला गेले. गंमत म्हणजे ते स्वतः तिकिटं जमवणारे पक्के नादिष्ट. त्यामुळे त्या काळातली इंडियानापोलिसची पाकिटं देखणी असतात, छापील चित्रं वगैरे. पण खरं सांगू? ती मुद्दाम संग्राहकांसाठीच केलेली. त्यात कुणी आईला काही कळवलेलं नसतं.

मग युद्ध आलं. आता विचार करा, जहाजाचं नाव, तारीख आणि ठिकाण, तिन्ही एकाच शिक्क्यावर! अशी शंभर पाकिटं शत्रूच्या हाती लागली तर आरमाराची डायरीच मिळाली की. म्हणून शिक्क्यावरून जहाजांची नावं काढली. उरलं फक्त 'यू. एस. नेव्ही' आणि तारीख. संग्राहकाच्या दृष्टीनं शिक्का मुका झाला.

पण बाकीचं पाकीट बोलत राहतं. डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को'. उत्तर यायला जहाजाचं नाव तर हवंच ना! उजवीकडे तिकिटाच्या जागी हातानं लिहिलेलं 'फ्री', कारण एप्रिल १९४२ पासून सैनिकांचं साधं टपाल मोफत झालं. आणि सेन्सॉरचा छोटा शिक्का, त्यावर अधिकाऱ्याची सही. जहाजावरचाच अधिकारी पोरांची पत्रं वाचायचा. बायकोला लिहिलेलंसुद्धा.

१६ जुलै १९४५ ला इंडियानापोलिस सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. तिच्यात हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग होते. पेटीत काय आहे हे खलाशांनाच माहीत नव्हतं, मग पत्रातून काय फुटणार? २६ जुलैला पेटी टिनियन बेटावर उतरली. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि सुमारे १२ मिनिटांत जहाज बुडालं. ३१ तारखेला ते फिलिपिन्समधल्या लेयटेला पोहोचायचं होतं. पोहोचलं नाही, आणि कुणी चौकशीही केली नाही. २ ऑगस्टला गस्तीच्या विमानाला पाण्यात माणसं दिसली, तीही योगायोगानं. जहाजावरच्या १,१९५ जणांपैकी ३१६ वाचले. बातमी जाहीर झाली ती जपानच्या शरणागतीच्याच सुमारास. लोक रस्त्यावर नाचत होते आणि काही घरांत तार येत होती.

कॅप्टन चार्ल्स मॅकवे वाचले. त्यांचं कोर्ट मार्शल झालं. मेलेल्या मुलांच्या घरून शिव्याशापांची पत्रं त्यांना वर्षानुवर्षं येत राहिली. १९६८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं ठराव करून त्यांना निर्दोष म्हटलं. टपालाची ही बाजू कुठल्याच अल्बममध्ये लागत नाही.

युद्धानंतर जहाजांची नावं शिक्क्यांवर परत आली. या इंडियानापोलिसचं यायला जहाजच उरलं नव्हतं.

म्हणून जुलै १९४५ चं पाकीट कुणी दाखवलं की मी आधी तारीख बघतो. कोपऱ्यातला पत्ता कोणीही नंतर लिहू शकतो, आणि अशा जहाजांच्या बाबतीत फसवणूक करायचा मोह मोठा. तारीख जहाजाच्या प्रवासाशी जुळते का? पत्त्याची आणि कोपऱ्यातल्या मजकुराची शाई एकच आहे का? सेन्सॉरचा शिक्का अक्षरांच्या वर बसलाय की खाली? आणि आत पत्र असेल तर सोन्याहून पिवळं. पत्र आणि पाकीट वेगळं करून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रूझवेल्टच्या काळातलं रंगीत पाकीट आलं की दोन-चार जण लगेच बोली लावतात. मुकी पाकिटं बऱ्याचदा विक्रेत्याच्या 'किरकोळ' लिहिलेल्या डब्यात असतात. मी आधी तो डबा मागतो.